खिळ्यावरची शिट्टी

"इंगवल्याचा फोटो भिंतीवर लागला, तर माझा खाली उतरवा," सर्जेरावदादा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप कट्ट्यावर असा आपटला, की निम्मा चहा बशीत आणि निम्मा माझ्या पायावर.

"दादा, तुमचा अजून वर चढलाय कुठं?" मुनीर शिकलगारनं विचारलं.

कट्ट्यावर हशा पिकला. दादा हसले नाहीत. तीस वर्षं ते आमच्या पिंपळेश्वर तालमीचे अध्यक्ष होते आणि रागावले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या रविवारी सकाळी त्या टोमॅटोच्या रंगाला पोचल्या होत्या.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तालमीला पंचाहत्तर वर्षं होत होती. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते आणि तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम असते, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती केव्हाच वाळून गेली होती, पण फुटबॉलचं वेड तसंच होतं. घरात लग्न असलं तरी मॅचची तारीख बघून मुहूर्त काढणारी माणसं आम्ही. तर त्या पंचाहत्तरीसाठी अध्यक्षांचा आणि टीमच्या सगळ्या जुन्या प्रशिक्षकांचे फोटो हॉलमध्ये लावायचे ठरले होते. फोटोखालच्या नावांच्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडं होतं. मी उत्तम सरनाईक, धंद्यानं पेंटर. आठ पाट्या तयार होत्या. नववी कोरी होती आणि तिच्यावरूनच कप आपटला होता.

नववं नाव निवृत्ती इंगवले सरांचं. सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या पोरांना पळवायचे. त्यांनी हातात घेतली तेव्हा टीम खालच्या गटात कुजत होती. सहा वर्षांत त्यांनी तिला फायनलला नेली. आणि त्याच फायनलमध्ये, जयध्वज तालमीविरुद्ध आम्ही एका गोलनं पुढं असताना, वीस मिनिटं राहिलेली असताना, सरांनी आमच्या किरण मोरबाळेला बाहेर काढलं. किरण म्हणजे आमचा हुकमाचा एक्का. त्यानं खाली पडलेल्या पोराच्या बरगडीत लाथ घातली होती. रेफ्रीला दिसलं नव्हतं. सरांना दिसलं. पुढच्या वीस मिनिटांत आम्ही दोन गोल खाल्ले.

त्यानंतर सर तालमीकडं फिरकलेच नाहीत. दोन महिन्यांनी ते जयध्वजच्या मैदानावर शिट्टी वाजवताना दिसले. मग काय विचारता! त्यांच्या फोटोला चपलांचा हार घालून पेठेतनं मिरवणूक निघाली. पुढची वीस वर्षं हा विषय कट्ट्यावर दर आठवड्याला निघायचा. किरणला काढलं ते बरोबर का चूक, यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकल्याची दोन उदाहरणं आमच्या पेठेत आहेत.

"किरणला काढलं ते मी समजू शकतो," दादा त्या दिवशी म्हणाले. हे त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "हारलो त्याचंबी काय न्हाई. खेळात हारजीत हाय. पर माणूस एका शब्दानं सांगून जात न्हाई? सहा वर्सं एका ताटात जेवलो आम्ही. एक चिठ्ठी न्हाई, एक निरोप न्हाई. मी आठ दिस वाट बघितली, म्हटलं यील. यील आणि शिव्या तरी घालंल. त्यो गेला थेट जयध्वजकडं. त्याचा फोटो मी लावू देणार न्हाई. सहाला मीटिंग हाय. काय ती मतं टाका."

आणि ते धोतराचा सोगा सावरत निघून गेले. जाताना त्यांचे डोळे भरले होते. मी कट्ट्याच्या टोकाला, फळ्याखाली बसलो होतो, म्हणून मला ते दिसलं.

आता त्या फळ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या कोपऱ्यावर भिंतीत बसवलेला काळा फळा आहे. कुणी गेलं, कुणाला मुलगा झाला, मॅच किती वाजता, टीममध्ये कोण, सगळं त्याच्यावर येतं. छापून आलेल्या बातमीवर आमची पेठ एकवेळ विश्वास ठेवणार नाही, पण फळ्यावर ठेवते. लिहायची पद्धत ठरलेली. वर श्री, मध्ये मजकूर, खाली 'आज्ञेवरून'. लिहिणाऱ्याचं नाव कधीच नाही, कारण लिहितं ती तालीम. माझं अक्षर बरं, म्हणून विसाव्या वर्षापासून खडू माझ्या हातात आला. समिती सांगायची, मी लिहायचो.

फायनल हरलो त्या संध्याकाळी कट्टा ओस होता. तोंड दाखवायला कुणाला जागा नव्हती. मी सव्वीस वर्षांचा होतो, ओरडून ओरडून घसा बसला होता आणि डोकं भणभणत होतं. मी एकटा फळ्यापाशी गेलो आणि कुणीही न सांगता लिहिलं: 'इंगवले सर, पेठेची मान खाली घातलीत. उद्यापासून मैदानावर येऊ नका.'

रात्रभर झोप लागली नाही. उजाडताच पुसायला म्हणून धावत गेलो. मजकूर होता तसाच होता. पण फळ्याच्या खिळ्याला, जिथं आम्ही पुसायचं फडकं अडकवतो तिथं, सरांची पितळी शिट्टी काळ्या दोरीनं टांगलेली होती. सर रोज साडेपाचला त्याच वाटेनं मैदानावर जायचे.

मी फळा पुसला. शिट्टी खिशात घातली. आणि वीस वर्षं ती माझ्या ब्रशांच्या पेटीत, टर्पेंटाइनच्या बाटलीमागं पडून होती. कट्ट्यावर लोक 'सर का गेले' म्हणून भांडायचे आणि मी खाली मान घालून दुसऱ्यांच्या चपला बघत बसायचो.

दादा गेल्यावर मी मुनीरला म्हटलं, "स्कूटर काढ."

"कुठं?"

"सरांकडं."

मुनीर माझ्याकडं बघत राहिला. त्याचं वेल्डिंगचं दुकान, पण जीव सरांत. तो गोलकीपर होता. सरांनी त्याला घडवला. कट्ट्यावर सरांची बाजू घेणारा तो एकटाच. "कशाला जायचं? फोटो मागायला? मतं आधी पडू देत की लेका."

"मला त्यांना काय तरी सांगायचं हाय. सहाच्या आत."

पन्हाळ्याच्या रस्त्याला, ऊस संपून भाताची खाचरं लागतात तिथं एका गावात सरांचं घर होतं. वाटेत एका रसवंतीपाशी स्कूटर थांबवून मी मुनीरला सगळं सांगितलं. रसाचा ग्लास त्याच्या हातातच राहिला.

"तू?" तो म्हणाला. "वीस वर्सं माझ्या शेजारी बसून चहा ढोसलास, आणि तू?"

"व्हय."

"मारू वाटालंय तुला."

"मार."

त्यानं मारलं नाही. रस न पिताच ग्लास ठेवला आणि स्कूटरला किक मारली. पुढची सहा किलोमीटर प्रत्येक खड्ड्यातनं त्यानं स्कूटर मुद्दाम घातली.

सर अंगणात शेंगा फोडत बसले होते. चौऱ्याहत्तरीचा माणूस, पण पाठ तशीच ताठ. आम्हाला बघून त्यांनी चष्मा वर केला. "मुनीर! आणि पेंटर न्हवं हा? आत या. अगं, पेठेतली माणसं आल्यात!"

काकी बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला नीट निरखलं, या म्हणाल्या नाहीत, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. उभ्यानंच म्हणालो, "सर, त्या दिवशी फळ्यावर जे होतं ते तालमीनं लिहिलं न्हवतं. समितीला ठाऊकसुद्धा न्हवतं. ते मी लिहिलंवतं. माझ्या मनानं."

सरांनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

मुनीरनं आणि मी एकमेकांकडं बघितलं.

"वर श्री न्हवता. खाली 'आज्ञेवरून' न्हवतं. सहा वर्सं तुझा फळा वाचला मी, उत्तम. तालीम बोलती तेव्हा कशी बोलती आणि तू चिडलास की कसा चिडतोस, एवढं कळत न्हाई व्हय मला? 'आज्ञेवरून' लिहायला तुझा हात धजला न्हाई. बरं वाटलं मला. म्हटलं, पोरगं भडकलंय, पर खोटं न्हाई."

वीस वर्षं जे ओझं घेऊन फिरलो, ते या माणसानं पहिल्याच दिवशी उतरवून ठेवलं होतं. मी मटकन पायरीवर बसलो. मनात आलं, सुटलो.

"मग गेलासा का?" मुनीर विचारत होता. त्याचा आवाज चढला होता. "म्हाईत होतं, तर गेलासा का, सर?"

चहा घेऊन आलेल्या काकीच बोलल्या. "गेले कुठं? दारात खुर्ची टाकून बसले हुते. शिट्टी ठेवली हुती न्हवं खिळ्याला. सर्जेराव बघतील, हातात घेऊन भांडायला येतील, मग बसून बोलू, म्हणायचे. एक दिस न्हाई, दोन दिस न्हाई. म्हयनाभर रोज सकाळी खुर्ची. तुमच्या पेठेतलं कुत्रंबी फिरकलं न्हाई. शेवटी जयध्वजची माणसं आली. त्यांनी विचारलं, 'याल का?' तुम्ही ते तरी विचारलंसा?"

"जाऊ दे," सर म्हणाले.

"का जाऊ दे? शिट्टी बघूनबी आलं न्हाई कोण, हे काय जाऊ द्यायचं हाय?"

मी खिशातनं शिट्टी काढली. आणायची म्हणून आणली होती, परत द्यायची म्हणून. तेवढाच तिचा उपयोग मला ठाऊक होता. आता ती तळहातावर धरून मी बसलो आणि मला कळलं, की वीस वर्षं मी भलत्याच गोष्टीची लाज बाळगली होती. फळ्यावरचे शब्द सरांनी मनातनं केव्हाच पुसले होते. माणसं तुटली ती शिट्टीनं. ती दादांना लिहिलेली चिठ्ठी होती आणि मी ती खिशात घातली होती.

"कुणी बघितलीच न्हाई, सर," मी म्हणालो. "फळा पुसायला मी पहिला आलो. मी उचलली. दादांना काय म्हाईतच न्हाई. त्यांनीबी आठ दिस तुमची वाट बघितली. आज सकाळीच म्हणाले, एक निरोप न्हाई म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी हुतं."

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हा माणूस मला उठवून अंगणाबाहेर घालवणार, आणि घालवलं असतं तर मी गेलो असतो. काकींनी पदर तोंडाला लावला.

"सर्जा वाट बघत हुता?" सरांनी विचारलं. दादांना सर्जा म्हणणारा मी दुसरा माणूस बघितलेला नाही.

"व्हय."

"आणि मी इथं." त्यांनी हातानं खुर्ची टाकायची ती जागा दाखवली आणि एकदम हसले. हसता हसता चष्मा काढून पुसला. "दोन म्हातारी गाढवं! अरे, तवा म्हातारी न्हवतो की. एकानं उठून दहा किलोमीटर जायला काय झालंतं?"

"मीबी आलो न्हाई, सर," मुनीर खाली बघत म्हणाला. "मी तर रोज मनात म्हणायचो, जाऊ. चपलांच्या हाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढून आत बसलो. पर आलो न्हाई."

"आलास की आज," सर म्हणाले.

मग मी फोटोचं सांगितलं. सहाची मीटिंग, मतं, कोरी पाटी. सरांनी हात झटकला. "फोटो मेल्यावर लावा. मला मैदान बघायचं हाय. पर मी आपल्या पायानं येणार न्हाई, उत्तम. मला फळ्यावर घालवलं, फळ्यावरच बोलवा. आणि यावेळी श्री घाल वर." त्यांनी शिट्टीकडं बघितलं, पण हात लावला नाही. "ही जिथनं उचललीस तिथं ठेव."

परत येताना मुनीरनं सगळे खड्डे चुकवले.

पाच वाजता कट्टा गच्च भरला होता. मीटिंगला अजून तास होता, पण तासभर आधी येऊन भांडल्याशिवाय आमच्याकडं मीटिंग होत नाही. मी फडकं घेतलं, फळा पुसला, शिट्टी खिळ्याला अडकवली आणि लिहायला लागलो.

'श्री. वीस वर्षांपूर्वी फायनलच्या संध्याकाळी समितीला न विचारता मी या फळ्यावर इंगवले सरांना येऊ नका असे लिहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी अध्यक्षांसाठी आपली शिट्टी येथे ठेवली. ती मी चोरली. सर सांगितल्याशिवाय गेले नाहीत. त्यांचा निरोप मी पोचू दिला नाही. सर, उद्या सकाळी मैदानावर या.'

खाली मी माझं नाव घातलं. उत्तम सरनाईक, पेंटर. त्या फळ्यावर कुणाचं नाव सहीसारखं आलेलं पेठेनं पहिल्यांदाच बघितलं.

मागं आवाज बंद होत गेले. मग एकदम सुरू झाले. एकानं आईवरनं शिवी दिली. किरण मोरबाळे, आता पोट सुटलेला, दोन पोरींचा बाप, पुढं आला आणि माझ्या खांद्याला धक्का देऊन गेला. "पेंटरचा खडू काढून घ्या," कुणीतरी ओरडलं. मुनीर माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. आता काय ते एकदाच होऊन जाऊ दे, असं मला झालं होतं.

गर्दी बाजूला झाली आणि दादा आले. फळ्यापुढं उभे राहिले. एकेक ओळ ओठ हलवत वाचली. मग खिळ्यावरची शिट्टी हातात घेतली, अंगठ्यानं तिच्यावरचा हिरवट थर घासला. कानाच्या पाळ्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"कुठं ठेवलीवतीस?"

"ब्रशांच्या पेटीत."

"वीस वर्सं?"

"व्हय, दादा."

त्यांनी शिट्टी परत खिळ्याला अडकवली. मग माझ्यापुढं हात केला. मला वाटलं फडकं मागतायत, पुसणार. मी फडकं दिलं. त्यांनी ते फेकून दिलं.

"खडू दे."

दादा चौथी शिकलेले. सहीशिवाय त्यांनी लिहिलेलं काही मी पाहिलं नव्हतं. खडू मुठीत धरून, जीभ दातांखाली दाबून, त्यांनी माझ्या नावाच्या खाली वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आज्ञेवरून'.

मग कट्ट्याकडं वळून म्हणाले, "मीटिंग न्हाई आज. घरला जावा समदी. आणि पेंटर, तुझ्यासंगं मी म्हयनाभर बोलणार न्हाई. एकतीस दिसांचा म्हयना." त्यांनी शब्द पाळला. एकतिसाव्या दिवशी माझ्या घरी येऊन जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी साखळीतली आमची पहिली मॅच होती. पहाटे पाचलाच मी कोपऱ्यावर पोचलो, तर कट्ट्यावर दादा शाल गुंडाळून आधीच बसलेले. मुनीर स्कूटर घेऊन सरांना आणायला गेला होता. आम्ही दोघं न बोलता बसलो, कारण म्हयना सुरू झाला होता. साडेपाचला स्कूटरचा दिवा वळणावर दिसला, तसे दादा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले, आणि परत उभे राहिले.

सर उतरले. त्यांनी दादांकडं बघितलं नाही, दादांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. सर फळ्यापाशी गेले. खिशातनं चष्मा काढला आणि श्रीपासून खालपर्यंत सगळं वाचलं. शेवटच्या शब्दापाशी बराच वेळ थांबले.

"सर्जा," ते फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले, "अक्षर लई घाण हाय तुझं."

"वाचता आलं न्हवं?" दादा म्हणाले.

सरांनी खिळ्यावरनं शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि काळी दोरी गळ्यात घातली. मग खाली पडलेलं फडकं उचलून माझ्या हातात दिलं.

"पूस आता," ते म्हणाले. "दुपारी मॅच हाय. टीम लिहायला जागा नको?"